लाखोळी, ज्वारी आणि मेंदूचे विद्यार्थी

आदिलाबाद जिल्ह्यात मेंदूविज्ञानाची संशोधन संस्था नाही. या विषयातल्या पीएच.डी.चा भारतातला इतिहास लिहायला बसलेला माणूस सुरुवात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून करेल, बंगळूरच्या निम्हान्सपासून करेल, नाहीतर दिल्लीच्या एम्सपासून. इथून कोणी करणार नाही. तरीही हा जिल्हा मध्यभागी ठेवून आजूबाजूला पाहिले की या इतिहासाची एक वेगळीच बाजू दिसू लागते. उत्तरेला दोनशेएक किलोमीटरवर नागपूर, दक्षिणेला तीनशेएक किलोमीटरवर हैदराबाद, आणि नदी ओलांडली की यवतमाळ-चंद्रपूर. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे आजचे महाराष्ट्रातले तालुके याच जिल्ह्यात होते. निजामाच्या राज्यात असूनही इथला बाजार, इथली बोली आणि इथले सोयरसंबंध मराठी मुलखाशी बांधलेले होते. ज्वारी आणि कापूस पिकवणाऱ्या या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना १९५० नंतर जे संशोधक घडले, त्यांच्यातल्या अनेकांच्या कामाची सुरुवात मेंदू या अवयवापासून झालीच नाही. ती झाली गरिबाच्या ताटापासून. माझे म्हणणे असे की मेंदूविज्ञानाचा विद्यार्थी घडवण्याची आपल्याकडची सर्वात भक्कम रीत हीच होती: प्रश्न जवळचा, साधने तुटपुंजी, आणि उत्तर चुकले तर दाखवून देणारा रोगी समोर. आजच्या डॉक्टरेट शिक्षणाने ही रीत सोडली, आणि सोडताना आपण काय सोडतो आहोत याचा हिशेब केला नाही.

पहिला पुरावा लाखोळीच्या डाळीचा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या धानाच्या मुलखात भात उभा असतानाच ओल्या बांधीत हिचे बी फेकतात. ना नांगरट, ना खत, ना पाणी. इतर सारे पीक गेले तरी लाखोळी हाती लागते, आणि तिची खरी गोम नेमकी इथेच आहे. दुष्काळात दुसरे काही उरत नाही तेव्हा माणसे दोन-तीन महिने जवळजवळ हिच्यावरच जगतात, आणि मग धडधाकट तरण्या माणसांचे पाय एकाएकी ताठरतात. विल्यम स्लीमनने सागर भागातली १८३०च्या दशकातली अशी साथ पाहून आपल्या १८४४च्या पुस्तकात लिहून ठेवली. अलाहाबाद भागात जेम्स आयर्विंगने गावेच्या गावे लंगडी झालेली नोंदवली. नेपल्सच्या कांतानी याने १८७३ मध्ये रोगाला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले. रेवा संस्थानात सालदारांना मजुरीच या धान्यात मिळे, त्यामुळे हा रोग कोणाच्या वाट्याला यायचा हे आधीच ठरलेले असे. डॉक्टर रोगाच्या पायऱ्याही काठ्यांवरून मोजत: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी हातांवर सरकणारा. संवेदना शाबूत, बुद्धी शाबूत, फक्त मेंदूकडून पायांकडे जाणारी हुकमाची वाट जळालेली. असा नेमका घाव घालणारा पदार्थ त्या डाळीत कोणता, हा प्रश्न शंभर वर्षे उघडा पडून होता.

तो इतका काळ का राहिला, हे पाहण्यासारखे आहे. पाश्चात्त्य प्रयोगशाळांनी त्यावर काम केले नाही असे नाही. पण त्यांच्या हाताशी होता बागेतला शोभेचा गोड वाटाणा, लाखोळीचा चुलतभाऊ. तो उंदरांना चारला की हाडे वाकत, महाधमनी फुगत असे, आणि यालाच लॅथिरिझम म्हणण्याचा प्रघात पडला. १९५४ मध्ये त्यातला पदार्थ वेगळाही काढला गेला. रसायन म्हणून शोध अव्वल होता आणि संयोजी ऊतींच्या अभ्यासात तो पुढे फार उपयोगी पडला. फक्त माणसाच्या रोगाशी त्याचा काही संबंध नव्हता. ज्यांनी दोन काठ्यांचा माणूस कधी पाहिला नाही, त्यांना उंदराची वाकडी हाडे पुरेशी वाटली. ज्यांच्या आसपास असे रोगी होते, त्यांना ती पुरेशी वाटणे शक्यच नव्हते.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. एस. सर्मा यांच्या जीवरसायन प्रयोगशाळेतल्या एस. एल. एन. राव आणि पी. आर. अडिगा या तरुणांनी काय केले ते बारकाईने पाहावे, कारण संशोधकाचे शिक्षण म्हणजे काय हे त्यातून कळते. बियांचे पीठ, त्यातली चरबी काढून टाकणे, उरलेल्याचा पातळ अल्कोहोलमध्ये अर्क. तो अर्क राळेच्या मण्यांनी भरलेल्या काचनळीतून थेंबथेंब सोडायचा. आम्ल, अल्कली, उदासीन असे पदार्थ आगेमागे खाली येतात. प्रत्येक हिश्श्याचा ठिपका कागदावर लावून निनहायड्रिन फवारले की अमिनो आम्ल असेल तिथे जांभळा डाग उमटतो. इथवर कोणत्याही जीवरसायन विभागातले रोजचे काम. अडचण पुढची होती: जांभळे डाग अनेक, यातला अपराधी कोणता? मोठ्या उंदराला टोचून काहीच होत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा तो पदार्थ आत जाऊ देत नाही. उपाय निघाला तो एका दिवसाच्या कोंबडीच्या पिलात. पिलाचा हा पडदा अजून कच्चा असतो. विषारी हिस्सा टोचला की पिलाची मान ताठरते, डोके मागे वळते. दुसऱ्या हिश्श्यांनी काही होत नाही. एवढ्या स्वस्त, कोणत्याही अंडी उबवणी केंद्रात मिळणाऱ्या जिवाने शंभर वर्षांचे कोडे सोडवले. १९६४ मध्ये तो पदार्थ शुद्ध करून त्याची रचना छापली गेली, आज त्याला ओडॅप म्हणतात. त्याच वर्षी दिल्लीतल्या एका गटानेही स्वतंत्रपणे तोच पदार्थ गाठला. परीक्षा कोणती घ्यायची हेच स्वतः शोधून काढावे लागणे, यापेक्षा मोठा धडा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला मिळत नाही. तयार संच विकत आणून केलेल्या प्रयोगात नेमका हाच भाग गळतो.

राव पुढे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात जीवरसायनाचे अध्यापक झाले आणि तिथे त्यांनी या एका डाळीवर विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. १९७८ मध्ये त्यांनी ओडॅप मोजण्याची एक रंगमापन पद्धत प्रसिद्ध केली. साध्या रंगमापकावर चालणारी, खर्चाने कमी. इथिओपियापासून बांगलादेशापर्यंत जिथे जिथे ही डाळ पिकते तिथल्या प्रयोगशाळांनी ती उचलली. पीक सुधारणारे लोक आज कमी विषाच्या जाती निवडू शकतात, रायपूरच्या कृषी विद्यापीठाची ‘महातिवडा’ त्यातलीच, त्यामागे असे स्वस्तात मोजता येणे आहे. मग एक गमतीचा फेरा आला. चेतापेशी एकमेकींना संदेश देताना ग्लुटामेट वापरतात, आणि हेच ग्लुटामेट अती झाले की पेशी उत्तेजनानेच मरते, हे १९७० नंतर जगभर पक्के होत गेले. ओडॅप हा ग्लुटामेटचा तोतया निघाला. ग्लुटामेटसाठी असलेल्या एका विशिष्ट प्रकारच्या ग्राहकावर तो जाऊन बसतो. १९८६ मध्ये पीटर स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी माकडांवरचा पुरावा ‘लॅन्सेट’मध्ये मांडला, आणि अल्झायमर, पक्षाघात, मज्जापेशींचे ऱ्हासरोग यांचा विचार करणाऱ्या लोकांना लाखोळी एकदम महत्त्वाची वाटू लागली. निम्हान्समध्ये विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटाने याच विषाचा वापर करून पेशीतली ऊर्जायंत्रे कशी मोडतात याचे काम केले, ते १९९८ मध्ये मेंदूविज्ञानाच्या अग्रगण्य नियतकालिकात आले. याच रवींद्रनाथ पुढे हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या पहिल्या संचालक झाल्या. या विषयातले विद्यार्थी घडवण्यासाठी देशाने काढलेल्या त्या संस्थेच्या पहिल्या प्रमुखाच्या कामातला एक ठळक धागा विदर्भातल्या धानाच्या बांधीत उगवणाऱ्या डाळीशी जोडलेला असावा, याला मी योगायोग मानत नाही.

यावर पहिला आक्षेप सहज सुचेल: हे जीवरसायन झाले, मेंदूविज्ञान कुठे? सर्मांच्या प्रयोगशाळेच्या पाटीवर तो शब्द नव्हता हे खरे. पण १९६०च्या आधी तो शब्द कोणाच्याच पाटीवर फारसा नव्हता. अमेरिकेतली या विषयाची व्यावसायिक संघटना १९६९ची. शरीरक्रिया, रसायन, शल्यक्रिया, मानसशास्त्र अशा वेगवेगळ्या दारांनी आलेल्या लोकांनी मिळून हा विषय उभा केला, आणि आपल्याकडचे एक दार आहारशास्त्राचे होते इतकेच. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जवळचा प्रश्न विद्यार्थ्याला घडवतो तसा भरकटवतोही. इथे ज्वारीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती माझ्या बाजूने सरळ उभी राहत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फने आदिलाबादच्या राजगोंडांचे जे वर्णन करून ठेवले त्यात ज्वारी हेच मुख्य अन्न आहे, आणि दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात सगळीकडे तेच होते. अशा ज्वारी खाणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा दिसे: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, हगवण, आणि मग मेंदूची लक्षणे, उदासी, निद्रानाश, भ्रम. मक्यावर जगणाऱ्या अमेरिकन दक्षिणेत गोल्डबर्गरने हा रोग आहाराचा आहे हे दाखवले होते आणि १९३७ नंतर नायसिन हे उत्तरही सापडले होते. पण ज्वारीतले नायसिन किंवा ट्रिप्टोफॅन मक्याइतके तोकडे नाही. मग रोग का? कुन्नूरहून १९५८ मध्ये हैदराबादला, उस्मानियाच्या शेजारी तारनाक्यात आलेल्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये उत्तर सुचवले: ज्वारीत ल्यूसिन हे अमिनो आम्ल फार असते, आणि ते नायसिनच्या घडणीत मोडता घालते. पुढची दहा-पंधरा वर्षे त्या संस्थेतल्या तरुणांनी ल्यूसिनच्या मागे घालवली. रोग्यांच्या लघवीतली उत्सर्जिते मोजली, पेलाग्राच्या रोग्यांचे मेंदू-आलेख काढले, उंदरांच्या मेंदूतल्या सेरोटोनिनवर ल्यूसिनचा काय परिणाम होतो ते पाहिले. मेंदूत काय चालले आहे हे ताटातल्या धान्यावरून वाचण्याचा इतका सलग प्रयत्न आपल्याकडे दुसरा नाही. आणि तरी ल्यूसिनची उपपत्ती टिकली नाही, निदान मूळ रूपात नाही. इतर देशांतल्या प्रयोगशाळांना ते निष्कर्ष सातत्याने मिळाले नाहीत. ब-६ जीवनसत्त्व आणि आहाराचे एकूण दारिद्र्य असे दुसरे धागे पुढे आले. आणि सरकारी दुकानातला तांदूळ घरोघर पोचल्यावर रोगच विरळ झाला, त्यामुळे वाद निकाली न निघता थंडावला.

मग ही पंधरा वर्षे वाया गेली का? मला तसे वाटत नाही, आणि कारण भावनिक नाही. ल्यूसिनची उपपत्ती खोटी ठरू शकेल अशा शब्दांत मांडलेली होती. इतके द्या, तितके घटेल, असे ती म्हणत होती, म्हणून तिला तपासता आले, म्हणून तिच्यावर काम करणाऱ्याला प्रतिकूल आकडा काय असतो ते कळले. विद्यार्थ्याला घडवायचे तर त्याच्या हाती बरोबर उत्तर देण्यापेक्षा पडू शकणारे उत्तर देणे जास्त मोलाचे. शिवाय लाखोळीच्या बाबतीतही जवळिकीची एक चूक झालीच होती. १९६१ मध्ये विक्रीवर बंदी घातली गेली, पण पेरा थांबला नाही. डाळ तुरीत आणि बेसनात मिसळून विकली जाऊ लागली. गोपालन यांच्याच संस्थेने १९६६ मध्ये भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून टाकण्याची घरगुती रीत दाखवली होती, तिचा प्रचार बंदीच्या सावलीत कसा होणार? आणि ज्या रावांनी विष शोधले, त्यांनीच पुढे माणसाचे शरीर ओडॅप बऱ्याच अंशी जिरवते, सामान्य आहारात थोडी लाखोळी घातक नाही असे पुरावे दिले आणि तिच्या गुणांची बाजू मांडली. चाळीस-पन्नास वर्षे एकाच प्रश्नाबरोबर राहिलेल्या माणसालाच स्वतःच्या शोधाचा अतिरेकी अर्थ परत घेता येतो. तीन वर्षांच्या प्रकल्पावर नेमलेल्याला तेवढी फुरसत नसते.

कोणी म्हणेल, मुंबईचे काय? ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये टाटा संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला आणि १९७०च्या दशकात तो फळमाशीच्या चेतासंस्थेकडे वळवला. केनियात जन्मलेल्या, मूळच्या गोव्याच्या वेरोनिका रॉड्रिग्ज त्यांचा शोधनिबंध वाचून डब्लिनहून तिथे आल्या आणि माशीच्या वास-चवीच्या ज्ञानावर त्यांनी पायाभूत काम केले. तिथे ना रोगी होता, ना शेत. मान्य. पण माशी बाटलीत वाढते, मक्याच्या खिरीवर जगते, आणि उपकरणे तिथल्याच कार्यशाळेत बनत. भौतिकी आणि अभियांत्रिकीची मुले घेऊन हे चालले होते. म्हणजे प्रश्न परका असला तरी हाताशी असलेल्या सामग्रीतून प्रयोग रचण्याची सक्ती तीच. नागपूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातही वेगळे नव्हते. पी. डी. प्रसाद राव आणि निशिकांत सुभेदार यांच्या गटाने १९८१ मध्ये नागाच्या हायपोथॅलॅमसचा, पेशीसमूह एकेक करून, नकाशा छापला. पुढे चिखलात जगणाऱ्या मागूर माशाचा मेंदू घेतला. हे प्राणी विदर्भाचेच. मायक्रोटोमच्या पात्याखालून पातळ काप काढणे, ते रंगवणे आणि तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, यात डोळा तयार होतो, आणि तसा तयार झालेला डोळा घेऊन सुभेदार पुढे औषधनिर्माण विभागात दारूच्या व्यसनाच्या मेंदूतल्या मुळांपर्यंत आणि मग पुण्याच्या आयसरपर्यंत गेले. रोगी हा माझ्या युक्तिवादाचा एक भाग आहे, सगळा नव्हे. नागपूरच्या बाबतीत तो गैरहजर होता आणि तरी विद्यार्थी घडले हे मला कबूलच करावे लागते.

सर्वात अवघड आक्षेप मात्र आदिलाबादच घेईल. आमच्या ज्वारीवर तुम्ही प्रबंध लिहिलेत, आमचा मुलगा तुमच्या प्रयोगशाळेत किती वेळा बसला? याला माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नाही, फक्त एक जोडून पाहण्यासारखी घटना आहे. १९४० मध्ये जोडेघाटला गोंडांच्या बंडाचा पुढारी कुमराम भीम मारला गेल्यानंतर निजाम सरकारने हैमेनडॉर्फला बोलावले, आणि १९४३ पासून मारलवाई या गोंड गावात गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. वाचनपुस्तके गोंडी भाषेत, पण नागरी लिपीत, कारण थोडेफार शिकलेल्या गोंडांना मराठीची लिपी येत होती. पुढे मराठीतले नामवंत इतिहासकार झालेले सेतुमाधवराव पगडी तेव्हा निजामाचे अधिकारी होते. त्यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले. हैमेनडॉर्फ तर उस्मानियात मानववंशशास्त्राचा प्राध्यापकही होता. म्हणजे एकाच राज्यात, एकाच दशकात, एका टोकाला स्वभाषेतून अक्षर शिकणारा गोंड मुलगा होता आणि दुसऱ्या टोकाला, १९१८ मध्ये देशी भाषेत उच्च शिक्षण देण्यासाठी स्थापन झालेले विद्यापीठ. पण ती देशी भाषा उर्दू होती, आणि १९४८ नंतर ती जागा इंग्रजीने घेतली. मारलवाईची नागरी अक्षरे दोन्हींपासून सारखीच दूर. मधल्या पायऱ्या, म्हणजे माध्यमिक शाळा, विज्ञानाचे महाविद्यालय, पदव्युत्तर जागा, कोणी बांधल्या नाहीत. १९५६ मध्ये राज्य भाषेवर विभागले गेल्यावर मारलवाईच्या मराठी लिपीलाही राजाश्रय उरला नाही. त्यामुळे जवळच्या प्रश्नांवर घडणारे संशोधक घडले, पण ते जवळचे नव्हते. माझा युक्तिवाद इथे अपुरा पडतो, आणि तो अपुरा पडण्याचे कारण प्रयोगशाळेच्या बाहेर आहे.

आजची पीएच.डी. दुसऱ्या टोकाला गेली आहे. नेट परीक्षा, २००९च्या नियमांनी सक्तीचा केलेला अभ्यासक्रम, या गोष्टींनी मनमानी निवड कमी झाली हे चांगलेच झाले. पण मेंदूविज्ञानात दाखल होणारा विद्यार्थी आता बहुधा आधीच ठरलेल्या प्रश्नाचा, आधीच विकत घेतलेल्या उंदराच्या जातीचा आणि परदेशातून आलेल्या संचाचा वारसदार असतो. आणि लाखोळीसारखे प्रश्न संपलेले नाहीत. आदिलाबाद आणि यवतमाळ हा कापसाचा मुलूख. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशके चेतापेशींच्या सांध्यांवरचे एक विकर बंद पाडतात. पुण्याच्या ससून रुग्णालयात आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच दाखवले होते की पहिल्या लक्षणांवर उतारा पडल्यावरही काही रोग्यांना दुसऱ्या प्रकारचा लुळेपणा येतो. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये त्याला वेगळा लक्षणसमूह म्हणून नाव मिळवून दिले. फवारणीच्या हंगामाआधी आणि नंतर मजुराच्या रक्तातले ते विकर मोजायला एलमनची १९६१ची पद्धत पुरते: रक्ताच्या थेंबात अभिकर्मक घाला, पिवळा रंग किती वेगाने चढतो ते रंगमापकावर पाहा. रंग चढला नाही तर विकर बंद पडलेले आहे. आदिलाबादला २००८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, रंगमापक तिथे असतोच. जूनमध्ये पाचशे मजुरांचे रक्त, डिसेंबरात पुन्हा त्याच पाचशेंचे, आणि त्यांच्या स्मरणशक्तीच्या, पकडीच्या, झोपेच्या चाचण्या गोंडी, मराठी आणि तेलुगूत: अशा प्रबंधाला महाग यंत्र लागत नाही, तीन भाषा बोलणारा विद्यार्थी लागतो, आणि तो त्या जिल्ह्याशिवाय दुसरीकडे सहसा सापडत नाही.